कशावरून?

सीईटीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. गेल्या जूनमध्ये जत तालुक्यातून एका वडिलांचा फोन आला. "मॅडम, पोरगी सायबर इंटेलिजन्स करायचं म्हणतेय. त्या डिग्रीला काय काय लागतं, तेवढं सांगा." मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. त्याआधी नऊ वर्षं पुण्यात एका कंपनीच्या सायबर सुरक्षेच्या देखरेख कक्षात, म्हणजे ज्याला सगळे सॉक म्हणतात तिथे, पाळ्या केल्या. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे. फोनवर मात्र उत्तर नेहमी अर्धंच राहतं. सायबर इंटेलिजन्सच्या पदवीला काय काय लागतं, हे आता तुम्हीही विचारलंत म्हणून या वेळी सगळं लिहून काढते.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे कॉलेजच्या पाटीवर बहुतेक ठिकाणी 'सायबर सिक्युरिटी' असं दिसेल. मुंबई विद्यापीठात तर आयओटी, सायबर सिक्युरिटी आणि ब्लॉकचेन एकाच शाखेच्या नावात बसवलेत. 'सायबर इंटेलिजन्स' हे नाव पदवीवर जास्त करून अमेरिकेत सापडतं. ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटला एम्ब्री-रिडल विद्यापीठात 'सायबर इंटेलिजन्स अँड सिक्युरिटी' अशी पदवीच आहे. फरक असा समजा: घराला कडीकुलूप लावणं, कुंपण घालणं ही सिक्युरिटी. गावात नवीन कोण आलंय, ते कोणती घरं हेरतंय, त्यांनी शेजारच्या गावात काय केलं आणि आपल्याकडे कधी येतील, हे शोधून घरमालकाला वेळेत सांगणं ही इंटेलिजन्स. दुसरं काम पहिल्याशिवाय शिकता येत नाही. म्हणून पाटीवरच्या नावासाठी अडून बसू नका, आत काय शिकवतात ते बघा.

आता दाराबद्दल. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या वाटेने जायचं तर बारावी सायन्स, पीसीएम ग्रुपची सीईटी, आणि बारावीला ठरलेल्या विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. सीईटीचे २०० गुण असतात, त्यातले १०० एकट्या गणिताचे. "तिचं गणित जरा कच्चं आहे, पण कॉम्प्युटर फार छान चालवते," असं पालक सांगतात तेव्हा मी हा आकडा सांगते. गणित पुढेही सुटत नाही. क्रिप्टोग्राफी, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात लपवण्याचं शास्त्र, म्हणजे बराचसा मूळ संख्या आणि शेषांचा हिशेबच असतो. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि माझ्या वर्गातली हाताने काम करण्यात सगळ्यात तरबेज मुलं याच वाटेने आलेली असतात. बीएस्सीची वाटही आहे. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात सायबर सिक्युरिटीचा पाच वर्षांचा एकत्रित बीटेक-एमटेक आहे. त्या विद्यापीठाचा गोव्यातही परिसर आहे, तो कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या मुलांना जवळ पडतो.

आत गेल्यावर क्रेडिट मोजली जातात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२०, चार वर्षांच्या पदवीला १६०. एक क्रेडिट म्हणजे १५ तास वर्गात, किंवा ३० तास प्रॅक्टिकलला. इंजिनिअरिंगही याच घरात, १६०च्या आसपास. अमेरिकेत बहुतेक विद्यापीठांत १२० क्रेडिट आणि किमान २.० जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांची सरासरी श्रेणी. हे आकडे प्रत्येक माहितीपत्रकात असतात, तिथे वाचा. मला बोलायचंय ते क्रेडिटच्या पोटात काय असतं त्याबद्दल.

पहिली दोन वर्षं पायाची. नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, पायथन. मुलं कंटाळतात, कारण त्यांना पहिल्या दिवसापासून हॅकिंग हवं असतं. मी त्यांना वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून काय येतं-जातं ते दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडून देते आणि सांगते, तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपमधून दहा मिनिटांत काय काय बाहेर गेलं ते बघा. कुठलंही ॲप उघडलेलं नसताना लॅपटॉप कुणाकुणाशी बोलत असतो ते दिसलं की वर्ग शांत होतो. तिथून खरा अभ्यास सुरू होतो.

कायदाही अभ्यासात असतो, आणि तो मी घसा कोरडा पडेपर्यंत शिकवते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या कलम ६६ खाली, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत अप्रामाणिकपणे शिरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "मी फक्त बघत होतो" हे कुणी ऐकून घेत नाही. म्हणून सराव करायचा तो स्वतःच्या यंत्रावर, व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच चालणारा दुसरा आभासी संगणक, लावून. दुसरं कलम भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ६३वं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेलं. डिजिटल पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात त्या फाइलची हॅश किंमत, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा, लिहावी लागते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश पूर्ण बदलते. एखाद्या विद्यार्थ्याने जप्त केलेली हार्ड डिस्क उत्साहाच्या भरात थेट आपल्या लॅपटॉपला जोडली, तर त्याच क्षणी पुराव्यात ढवळाढवळ झाली. आधी राइट-ब्लॉकर, म्हणजे डिस्कवर काहीही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण, मग प्रत, मग दोन्हींची हॅश ताडून बघणं. याची सवय बोटांत बसायला एक अख्खं सेमिस्टर जातं.

आणि मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी, जिथे नीट शिकवतात तिथे, इंटेलिजन्सचा भाग येतो. माझ्या मते पदवीचा जीव इथे आहे. नेमका हाच भाग आपल्याकडे एखाद्या ऐच्छिक विषयात गुंडाळला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

माझीच गोष्ट सांगते. नोकरीचं तिसरं वर्ष होतं, रात्रपाळी. पहाटे दोनच्या सुमाराला एका ग्राहकाच्या सर्व्हरवर एकामागून एक पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत यायची दारं, कुणीतरी ठोठावून बघत होतं. त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, तपासला, तो परदेशातला निघाला. मी रिपोर्टात लिहिलं, 'परदेशातून नियोजित हल्ला'. ग्राहकाकडच्या लोकांना झोपेतून उठवलं. त्यांनी पत्त्यांची अख्खी रांग बंद केली. सकाळी कळलं की ती त्यांनीच नेमलेली तपासणी संस्था होती आणि परदेशात भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरून ठरल्याप्रमाणे चाचणी करत होती. दोन दिवसांचं काम खोळंबलं. आमच्या टीम लीडने मला समोर बसवलं, माझ्या वाक्यावर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "कशावरून?" पोर्ट तपासले जात होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पत्ता परदेशातला होता, हेही खरं. 'नियोजित' आणि 'हल्ला' हे दोन शब्द मात्र माझे होते. ते कुठल्याच लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणेने ठेवलेल्या नोंदींत, नव्हते. तो ओशाळलेपणा मी अजून विसरलेले नाही, आणि माझ्या शिकवण्याचा अर्धा भाग त्या एका शब्दातून आलाय.

वर्गात यासाठी मी १२ ऑक्टोबर २०२० घेते. त्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागेवर थांबल्या, रुग्णालयं जनरेटरवर गेली, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. २०२१च्या फेब्रुवारीअखेर रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकन कंपनीचा अहवाल आला: चीनशी संबंधित एक गट भारताच्या वीज क्षेत्रातल्या संस्थांना लक्ष्य करतोय. त्या गटाला त्यांनी 'रेडएको' असं नाव दिलं. दुसऱ्याच दिवशी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी मुंबईच्या घटनेत घातपाताची शक्यता बोलून दाखवली. लगेच तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी सांगितलं की वीज मानवी चुकीमुळे गेली, सायबर हल्ल्यामुळे नाही.

मी मुलांना विचारते, कोण बरोबर? वर्गाचे दोन तट पडतात, आवाज चढतात. मग मी मूळ अहवालातली ओळ दाखवते. घुसखोरीच्या प्रयत्नांच्या खुणा त्यांनी मांडल्या होत्या, पण मुंबईची वीज त्यामुळेच गेली हा संबंध सिद्ध झालेला नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. बातम्यांच्या मथळ्यांत ती ओळ हरवली. शत्रू यंत्रणेत शिरू पाहत होता हे एक विधान, आणि शत्रूने वीज घालवली हे दुसरं. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला उसना देता येत नाही. दोन तास या एकाच घटनेवर जातात आणि मला ते कमी वाटतात.

याच्याच पुढचा धडा शब्दांचा. १९५१ साली अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने एक अंदाज लिहिला: युगोस्लाव्हियावर त्या वर्षी आक्रमण होण्याची 'गंभीर शक्यता' आहे. तो लिहिणाऱ्यांत शर्मन केंट होते. परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने त्यांना विचारलं, गंभीर शक्यता म्हणजे किती? केंट म्हणाले, आक्रमण होईल या बाजूने ६५ विरुद्ध ३५. अधिकारी चपापला, त्याने फारच कमी धरली होती. केंटनी मग आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं. ज्यांनी मिळून ते वाक्य मंजूर केलं होतं, त्यांच्या मनातले आकडे २० पासून ८० पर्यंत पसरलेले होते. पुढे अमेरिकेने यासाठी लेखी मानकच केलं. त्यात 'संभवनीय' म्हटलं की ५५ ते ८० टक्के, 'जवळजवळ निश्चित' म्हटलं की ९५च्या वर.

आपल्या वर्तमानपत्रांत रोज एक वाक्य येतं, 'शक्यता नाकारता येत नाही'. मी मुलांकडून त्याची टक्केवारी कागदावर लिहून घेते. पाचपासून नव्वदपर्यंत उत्तरं येतात. तेव्हापासून माझ्या वर्गातल्या रिपोर्टात त्या वाक्याला बंदी आहे. 'दाट शक्यता' लिहायची असेल तर आकडाही लिहा आणि कारणही. बँकेचा अधिकारी तुमचं दोन पानी टिपण वाचून एटीएम बंद ठेवायची की नाही ते ठरवणार असतो.

एटीएमवरून आठवलं. "यात अर्थशास्त्र, भाषा, इतिहास कशाला?" असं मुलं विचारतात. २०१८च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून रोकड निघाली, वर १३ कोटींहून अधिक रक्कम स्विफ्टच्या, म्हणजे देशोदेशीच्या बँकांमधल्या संदेश यंत्रणेच्या, वाटेने हाँगकाँगला गेली. कार्डावरची मंजुरी बँकेत कुठून कुठे फिरते हे माहीत नसलेल्या माणसाला नुसते लॉग बघून यातलं काहीच उमगणार नाही. म्हणून 'इतर' विषयांची क्रेडिट कशीबशी भरून टाकू नका.

अमेरिकेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण पालक शेतजमीन तारण ठेवायला निघालेले मी पाहिलेत. तिथल्या सरकारी गुप्तचर संस्थांत नोकरीला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. सायबर शिक्षणासाठी तिथलं सरकार जी 'स्कॉलरशिप फॉर सर्व्हिस' देतं, ती नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळते. आपल्या मुलांना पदवीनंतर १२ महिने आणि एसटीईएम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग किंवा गणित, यातला विषय असेल तर अर्ज करून आणखी २४ महिने काम करता येतं, ते खाजगी कंपन्यांत. बँका, सल्लागार कंपन्या, सॉफ्टवेअर कंपन्या यांच्याकडे हे विभाग असतात आणि काम चांगलं असतं. पण माहितीपत्रकावरचा गुप्तहेर खात्याचा फोटो बघून कर्ज काढू नका. तशीच पदवी इथे घेऊन पदव्युत्तर शिक्षणाला बाहेर जाणं बहुतेक घरांना झेपतं.

जतच्या त्या वडिलांना मी यातलं निम्मंअधिक सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, माझ्या डोक्यावरून गेलं. पोरीशीच बोला."

फोन तिच्याकडे गेला. मी विचारलं, "हे तुला आवडेल, कशावरून वाटतं?"

बराच वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, आजोबांना एक मेसेज आला होता, मागच्या महिन्याचं वीज बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन तोडणार, या नंबरवर फोन करा. आजोबांनी फोन केला, सांगितलेलं ॲप टाकलं, अठ्ठावीस हजार गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण दुसऱ्या दिवशी, तोवर उशीर झाला होता. त्यानंतर तिने गल्लीत घरोघरी जाऊन विचारलं. तसाच मेसेज अकरा जणांना आला होता. तिने वहीत रकाने आखून तारीख, वेळ, नंबर आणि मेसेजमधल्या स्पेलिंगच्या चुका उतरवून ठेवल्या होत्या.

"सात जणांच्या मेसेजमध्ये तीच चूक आहे, मॅडम. एकाच माणसाने पाठवले असतील."

"कशावरून?"

"नाही म्हणजे... मजकूर एकच आहे. माणूस एकच आहे का, ते नाही सांगता येणार."

मी तिला म्हटलं, ती वही जपून ठेव, आणि कॅप राउंडच्या, म्हणजे प्रवेशफेऱ्यांच्या, तारखा लिहून घे.