गांबियाचा उठावाचा नकाशा: सहावा आठवडा, आणि खाऱ्या पाण्याची रेषा

मंडळी, गांबियाचा उठावाचा, म्हणजे उंचसखलपणा हाताला लागेल असा नकाशा मी करतेय, त्याचे पुठ्ठ्याचे थर लावून झाले. गांबिया हा आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सर्वांत छोटा देश. अटलांटिकला लागून जेमतेम 80 किमी किनारा आणि बाकी तिन्ही बाजूंना सेनेगल. 1:2,50,000 या प्रमाणात 1 किमी म्हणजे 4 मिमी, त्यामुळे पूर्व-पश्चिम साधारण 320 किमीचा हा देश माझ्या प्लायवर 128 सेंमीला बसला. देशातली सगळ्यात उंच जागा फक्त 53 मीटर! खऱ्या प्रमाणात ती कागदाच्या जाडीएवढीच दिसली असती. म्हणून उभं माप 50 पट धरलं. दर 5 मीटरला 1 मिमी पुठ्ठ्याचा एक थर, म्हणजे एकूण साडेदहा मिमी. सह्याद्री करणाऱ्यांना हे फारच सपाट वाटेल, पण बोट फिरवलं की नदीचं खोरं स्पष्ट लागतं.

सीमा आखताना खूप मजा आली. 1889 साली ब्रिटिश आणि फ्रेंचांनी ठरवलेली ही सीमा पश्चिमेकडे अक्षांशाला धरून सरळ जाते. पूर्वेकडे मात्र ती नदीच्या दोन्ही बाजूंना 10 किमी अंतर ठेवून वळणांबरोबर वळते. कंपास 40 मिमी उघडला, टोक नदीच्या वळणांवर ठेवत गेले आणि कंस जोडले, तर छापील नकाशातली नागमोडी सीमा जवळजवळ तशीच उमटली. हा देश म्हणजे नदीच, हे तेव्हा हाताला कळलं.

आता चुकीबद्दल. मी खारफुटीचा गडद हिरवा रंग थेट नदीकाठी बऱ्याच आत असलेल्या जांजांबुरे गावापर्यंत लावून बसले होते. गांबिया नदी गिनीच्या फुता जालोन डोंगरात उगम पावते आणि खालच्या टप्प्यात तिला उतारच नाही. त्यामुळे भरतीचं पाणी बिनदिक्कत आत शिरतं. पाऊस जून ते ऑक्टोबर. त्या दिवसांत नदीला जोर असतो, गोडं पाणी खाऱ्याला समुद्राकडे रेटतं. पुढे महिनोन्महिने कोरडे जातात, सहारावरून हरमत्तानचा धुळकट वारा येतो, नदी रोडावते आणि खारं पाणी 200 किमीच्या आसपास आत चढतं. खारफुटी तेवढ्याच पट्ट्यात. नदीकाठच्या कुंटाउर गावाच्या वर काठाला गोड्या पाण्यावरची झाडी लागते, पाणघोडेही तिकडेच. जवळच्या बेटांवर 1979 पासून चिंपांझींना पुन्हा रानात रुळवलं जातंय. म्हणून वरच्या भागातला हिरवा रंग पॉलिश पेपरने घासून काढला. दोन संध्याकाळी गेल्या.

पण सरकती रेषा स्थिर नकाशात दाखवायची कशी? दोन पारदर्शक शीट कापल्या, एक पावसाळ्याची आणि एक मे महिन्याची. खारं पाणी निळसर करड्या शाईने. शीट बदलली की नदीचा रंग बदलतो. मला हे सगळ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण काठावरच्या भातशेतीचं गणित याच रेषेवर आहे. कोकणात खाजणाचे (खाडीकाठच्या शेतीचे) बांध फुटून खारं पाणी आत शिरलं की काय होतं हे पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. राजधानी बांजुलजवळच्या तानबी पाणथळीत बायका खारफुटीच्या मुळांवरची कालवं (खायचे शिंपले) काढतात. तो भाग मी मुद्दाम जाड ब्रशने केला, मुळांसाठी नारळाचा काथ्या चिकटवला.

आणखी एक आनंद. कुंटाउरजवळच्या वास्सूचे प्राचीन दगडी वर्तुळांचे खांब जांभ्याचे आहेत, सेनेगल-गांबियातल्या अशा चार स्थळांना 2006 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. देवगडला आजोळच्या पडवीतली जांभ्याची भुकटी आणली, फेविकॉलमध्ये कालवली आणि टाचणीने ठिपके दिले. रंग अगदी तोच आला.

फराफेनीजवळचा 2019 मध्ये सुरू झालेला पूल 1.9 किमीचा, म्हणजे 7.6 मिमी. काडेपेटीची काडी तासून बसवलीय. तो होईपर्यंत तिथे फेरीबोटीच्या रांगा लागायच्या, म्हणून काठाला जुन्या धक्क्याची खूणही ठेवलीय.

राहिलंय ते समुद्राचं पाणी. रेझिन ओतलं तर दमट हवेत पुठ्ठ्याच्या कडा फुगतील अशी धास्ती आहे. आधी लाखेचा हात द्यायचा की वॉर्निशचा? कोणी करून पाहिलं असेल तर सांगा, रविवारी ओतणार आहे.