फेलोशिपच्या मुलाखतीनंतरचे पत्र

धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात माझ्यामागून शिकलेल्या दोन मैत्रिणी सध्या अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे वैद्यकीय पदवीनंतरचे रुग्णालयातले प्रशिक्षण, करीत आहेत आणि यंदा फेलोशिपच्या, म्हणजे त्यापुढच्या एखाद्या उपशाखेतल्या प्रशिक्षणाच्या, मुलाखती देणार आहेत. मुलाखत झाल्यावर आभाराचा ईमेल पाठवायचा का, आणि त्याने निवडीत काही फरक पडतो का, असे दोघींनीही मला विचारले. फोनवर दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटले, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

नेफ्रॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रपिंडविकारांच्या, फेलोशिपसाठीच्या माझ्या तीन मुलाखती जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातल्या आमच्या घरातून झाल्या. आजोबांच्या आजारपणामुळे मी दिवाळीच्या सुमारास रजा घेऊन गावी आले होते, आणि २०२० पासून या मुलाखती बहुतेक ठिकाणी ऑनलाइन होत असल्यामुळे ते जमले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे ९ वाजतात तेव्हा ऑक्टोबरात आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा झालेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे गेली की साडेसात. दुसऱ्या मुलाखतीच्या ऐन मध्यावर वीज गेली आणि मोबाइलवरून पुन्हा जोडले जाईपर्यंत एका प्राध्यापकांची ठरलेली वेळ निघून गेली. त्या विभागाच्या कोऑर्डिनेटर बाईंनी मला कसलेही स्पष्टीकरण द्यायला न लावता ती भेट शेवटी लावून दिली. त्या रात्री मी पहिले पत्र लिहिले ते त्यांना. मुलाखतीचे वेळापत्रक, लिंक, बदललेल्या वेळा हे सारे सांभाळणाऱ्या या व्यक्तीला बहुतेक उमेदवार विसरतात, याचे मला वाईट वाटते.

आभार मानायला आपण संकोचतो, आणि त्याचे कारण मला समजते. आपल्याकडे आभार हा शब्द व्यासपीठावरचा आहे. कार्यक्रमाच्या शेवटी कोणीतरी आभारप्रदर्शनाला उभे राहते आणि तोवर लोक चपला शोधू लागलेले असतात. माझ्या वडिलांच्या दवाखान्यात बरा झालेला माणूस ‘आभारी आहे’ असे म्हणाल्याचे मला आठवत नाही. तो केळीची एक फणी किंवा बामणोदची भरताची वांगी टेबलाशेजारी ठेवून, पावसापाण्याचे बोलून निघून जात असे, आणि वडिलांना ते पोहोचत असे. अशा घरातून आलेल्या मुलीला निवड व्हायची असतानाच निवडणाऱ्याचे आभार मानणे म्हणजे खुशामत वाटते. परंतु तिथे वस्तू देण्याची सोय नाही, आणि मुलाखतीनंतर भेटवस्तू पाठवणे तर सर्वथा अयोग्य. तेव्हा शब्दांवाचून दुसरे साधन उरत नाही.

आता निवडीविषयी. अमेरिकेतील बहुतेक फेलोशिप नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्राममार्फत भरल्या जातात. उमेदवार आणि रुग्णालये जुळवण्याचे काम ही संस्था १९५२ पासून करते. उमेदवार आपल्या पसंतीची यादी देतो, विभाग आपली देतो, आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. अशा जुळवणीमागचे गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडले. ॲल्विन रॉथ यांच्या पुढाकाराने सुधारलेली आजची पद्धत १९९८ पासून वापरात आहे, आणि रॉथ व शॅप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ही पद्धत उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते, त्यामुळे मनातला खरा क्रम लिहिण्यातच उमेदवाराचे हित असते. तुम्ही आम्हाला कितव्या क्रमांकावर ठेवणार, असे विचारण्याची मुभा विभागाला नाही, तशीच ती उमेदवारालाही नाही. स्वतःहून पसंती कळवता येते. पण त्या शब्दाने कोणीही बांधला जात नाही, अंतिम यादीच काय ती खरी. मुलाखतीनंतरच्या अनावश्यक पत्रव्यवहाराला विभागांनी उत्तेजन देऊ नये, असेही त्या संस्थेचे सांगणे आहे, आणि काही विभाग तर ‘कृपया आभाराचे ईमेल पाठवू नयेत’ असे स्पष्ट कळवतात. तसे कळवले असेल तर पाठवू नये. तिथे त्यांचे म्हणणे पाळणे हाच आदर. ‘माझ्या यादीत तुम्हीच पहिले’ हे वाक्य दोन ठिकाणी लिहिणाऱ्या उमेदवाराविषयी मी काय म्हणू? ते खोटे आहे, आणि रुग्णाच्या नोंदीत जे आपण कधी करणार नाही ते पत्रातही करू नये.

मग पत्र लिहायचे ते कशासाठी? आजोबांच्या पोस्टकार्डावर मायना आणि ‘सा. न. वि. वि.’ झाले की ‘पत्रास कारण की’ हे शब्द यायचे. माझ्या पहिल्या मसुद्यात नेमके ते कारणच नव्हते. वेळ दिल्याबद्दल आभार, विभाग उत्तम आहे, संधी मिळाल्यास आनंद होईल, अशी ती तीन वाक्ये कोणालाही पाठवता आली असती. मी ती पुसली आणि संभाषण आठवू लागले. वीज गेल्यामुळे ज्यांची भेट शेवटी झाली, त्या प्राध्यापकांना मी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी जळगावला येणाऱ्या रुग्णांविषयी सांगितले होते. जाण्यायेण्यात आणि यंत्राशी मिळून त्यांचा अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. त्यावर त्यांनी पोटातून घरीच करता येणाऱ्या डायलिसिसचा विषय काढला आणि द्रव बदलण्यासाठी लागणारी स्वच्छ जागा एका खोलीच्या घरात कशी राखायची, हे रुग्णाच्या घरच्यांना शिकवण्याचा त्यांचा अनुभव सांगितला. मी त्यांना तेवढेच लिहिले: हे ऐकल्यावर आमच्याकडच्या कोणत्या अडचणीचा मी नव्याने विचार करते आहे, आणि त्याबद्दल आभार. पाच वाक्ये झाली. त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते, सोबत एक शोधनिबंध. मी पुढे दुसऱ्याच विभागात गेले. तो निबंध मात्र अजून वापरते.

बाकीचे थोडक्यात सांगते. संभाषण संपताच दोन मुद्दे वहीत टिपावेत, कारण एका दिवसात चार जणांशी बोलल्यावर कोण काय म्हणाले याची सरमिसळ होते. पत्र एकदोन दिवसांत जावे. एकाच विभागातल्या दोघांना सारखा मजकूर पाठवू नये. नावाचे स्पेलिंग आणि पद दोनदा तपासावे. उत्तर आले नाही तर पुन्हा लिहू नये, आणि त्यातून काही अर्थही काढू नये.

नेफ्रॉलॉजीसारख्या फेलोशिपचा निकाल नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला लागतो. ज्यांनी शिफारसपत्रे लिहिली, त्यांना तो त्याच दिवशी कळवावा, मनासारखा नसला तरी. मी रेसिडेन्सीतल्या तिघांना ईमेल केला आणि मग धुळ्याच्या सरांना फोन लावला. लघवीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली कसा पाहावा, हे मला त्यांनीच पहिल्यांदा शिकवले होते, आणि ते ईमेल पाहत नाहीत.