तुम्ही विचारलंत म्हणून: हातात सोडा, भिंतीवर जॉर्ज बेस्ट

"तुम्ही स्वतः थेंबाला शिवत नाही, मग तुमचे लाडके फुटबॉलवाले एकजात पिणारेच कसे हो?"

हा प्रश्न मला वर्षाकाठी दहा-बारा वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचा बहुधा दुसरा पेग चालू असतो, माझ्या हातात सोडा असतो आणि मी नुकताच आयर्लंडच्या पॉल मॅग्रा या फुटबॉलपटूच्या गुडघ्यांवर वीस मिनिटं बोललेलो असतो. घरी येणाऱ्यांनाही तोच प्रश्न पडतो, कारण हॉलच्या भिंतीवर मँचेस्टर युनायटेडच्या जॉर्ज बेस्टचा फोटो आहे. बायको त्याला 'आमच्या ह्यांचे दाढीवाले महाराज' म्हणते, आणि नवख्या माणसाला क्षणभर ते खरंच वाटतं. आजवर हसून वेळ मारून नेली. परवा पुतणीनं विचारलं, "काका, खरं सांगा," तेव्हा मात्र जमलं नाही.

विचारणाऱ्याच्या मनात एक उत्तर आधीच तयार असतं. प्रतिभावंत म्हटला की तो थोडा वाया गेलेला असायचाच. गवई, नट, कवी, तसाच हा. मला हे अजिबात पटत नाही. मी ज्या काळाबद्दल बोलतो, म्हणजे साधारण १९६० ते १९९५ चं ब्रिटिश फुटबॉल, त्यात बेस्ट प्यायचा, आणि ज्याचं नाव आज त्याच्या गल्लीतही कुणाला आठवत नसेल असा एखादा लेफ्ट बॅकही तितकीच प्यायचा. प्रतिभा मोजक्यांकडे होती. बिअर सगळ्यांकडे होती.

ती बाहेरून आलेलीही नव्हती. लिव्हरपूल शहरातलं ॲनफिल्डचं मैदान ज्याच्या हातात होतं तो जॉन हौल्डिंग बिअरचा कारखानदार. एव्हर्टन क्लबचे खेळाडू तिथं खेळत तेव्हा कपडे बदलायला त्याच्याच सँडन हॉटेलात जात. भाड्यावरून आणि इतर कुरबुरींवरून १८९२ मध्ये एव्हर्टन तिथून उठून गेलं, तेव्हा रिकाम्या मैदानावर हौल्डिंगनं नवा संघ उभा केला, तो लिव्हरपूल. दहा वर्षांनी कर्जात बुडालेल्या न्यूटन हीथ या क्लबला जॉन हेन्री डेव्हिस नावाच्या दुसऱ्या बिअरवाल्यानं वर काढलं आणि त्या क्लबचं नाव झालं मँचेस्टर युनायटेड. पुढं १९९३ पासून आठ वर्षं खुद्द प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेच्या, नावात कार्लिंग ही बिअर होती. आमच्या कोल्हापुरात पैलवानाला दुधाचा रतीब लावून देणारा कुणीतरी असायचा. तिकडे रतीबच पिंपातून यायचा.

पब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परमिट रूमचा लाल दिवा येतो. तसं ते नव्हे. तिथला पब म्हणजे कट्टा, चावडी आणि घरची बैठक, तिन्ही एकाच छपराखाली. खेळाडूंचा सराव दुपारी बारा-साडेबाराला आटपायचा. वय बावीस, खिशात पैसे, आणि अख्खा दिवस रिकामा. मग पब. दुपारी तीनच्या सुमारास पब बंद व्हायचे (१९८८ पर्यंत कायदाच तसा होता), की घोड्यांवर पैसे लावायला जायचं, संध्याकाळी पुन्हा पब. लंडनच्या आर्सेनल क्लबमध्ये तर 'ट्यूजडे क्लब' होता. बुधवारी सुट्टी, म्हणून मंगळवारी सराव संपला की टोळी निघायची. जे एकत्र पितात ते एकत्र लढतात, अशी मॅनेजर लोकांची समजूत होती. न पिणाऱ्याकडे सगळे संशयानं बघायचे, आणि ती नजर मला चांगली माहितीय.

खेळ संपल्यावर? पुन्हा पबच. जिम बॅक्स्टर आधी स्कॉटलंडच्या कोळशाच्या खाणीत होता. डाव्या पायाचा जादूगार. १९६७ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर, जगज्जेत्या इंग्लंडविरुद्ध, भर सामन्यात तो चेंडू पायावर आणि गुडघ्यावर उडवत चालत राहिला, जणू शेजारच्या गल्लीत वेळ घालवतोय. स्कॉटलंडनं तो सामना ३-२ जिंकला. त्याचा सोबती डेनिस लॉला आणखी गोल हवे होते, बॅक्स्टरला इंग्लंडची थट्टा हवी होती. तीन वर्षांनी तो निवृत्त झाला आणि ग्लासगोत पब चालवायला लागला. पिणाऱ्या माणसाला गल्ल्यावरच बसवलं की! १९९४ मध्ये त्याच्या यकृताचं दोनदा प्रत्यारोपण करावं लागलं. २००१ मध्ये तो गेला.

आता महाराज. बेस्टची एक गोष्ट मी वीस वर्षं रंगवून सांगत आलो. हॉटेलातली खोली, पलंगावर जुगारात जिंकलेल्या नोटा पसरलेल्या, शेजारी विश्वसुंदरी. बेस्टच्याच गावचा, बेलफास्टचा, एक वेटर शॅम्पेन घेऊन येतो, हे सगळं बघतो आणि कळवळून विचारतो, "जॉर्ज, कुठं चुकलं रे सगळं?" टेबलावर हशा ठरलेला. बेस्ट स्वतः ही गोष्ट सांगायचा, पुढं पुढं त्याच्यासाठी तो पोटापाण्याचाच एक भाग झाला. लोक त्याला जेवणानंतर बोलायला बोलवत, तो हे किस्से सांगे, मानधन घेई, आणि ऐकणाऱ्यांतला प्रत्येक जण त्याला एक ग्लास पाजायला धडपडे. 'मी जॉर्ज बेस्टला पाजली' असं घरी जाऊन सांगता यावं म्हणून.

वेटरचा प्रश्न खरा होता, हे मला फार उशिरा कळलं. आता मी ती गोष्ट सांगत नाही. (आज सांगितली, ती शेवटची.)

त्याऐवजी मी १९६१ सालचा बेस्ट सांगतो. पंधरा वर्षांचं, काटकुळं पोर. खेळाडू हेरणाऱ्या माणसानं युनायटेडचा मॅनेजर मॅट बझ्बीला 'मला एक जीनियस सापडलाय' अशी तार केली होती, म्हणून बेलफास्टहून मँचेस्टरला आलेलं. सोबत एरिक मॅकमॉर्डी नावाचा त्याच्याच वयाचा दुसरा मुलगा. दोघंही इतके बुजले की लगेच बोटीत बसून घरी परत! बझ्बीनं वडिलांशी बोलून बेस्टला पुन्हा आणवलं. सात वर्षांनी याच पोरानं वेम्बलीवर युरोपियन कपच्या फायनलमध्ये जादा वेळेत बेन्फिकाच्या गोलकीपरला चकवून गोल केला, आणि त्या वर्षीचा युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. वय बावीस. युनायटेडसाठी ४७० सामने आणि १७९ गोल, पण सत्ताविसाव्या वर्षी तिथलं सगळं संपलं. मधल्या काळात त्या बुजऱ्या पोरानं एक शोध लावला होता. हातात ग्लास असला की अनोळखी माणसांशी बोलता येतं.

त्याची आई १९७८ मध्ये दारूपायीच गेली. १९८४ चा नाताळ त्यानं तुरुंगात काढला. २००२ मध्ये यकृत बदललं, त्यानंतरही तो प्यायला. नोव्हेंबर २००५ मध्ये हॉस्पिटलातला त्याचा फोटो पेपरात छापून आला, हळदीसारखा पिवळा चेहरा आणि सोबत निरोप: माझ्यासारखे मरू नका. पाच दिवसांनी, २५ तारखेला, तो गेला. एकोणसाठ वर्षांचा होता.

पॉल मॅग्राही बुजराच. आई आयरिश, वडील नायजेरियन, लंडनमध्ये जन्म, आणि पहिल्या काही आठवड्यांतच दुसऱ्यांच्या हवाली. डब्लिनच्या अनाथाश्रमांत वाढलेला काळा मुलगा, तोही साठच्या दशकातल्या डब्लिनमध्ये. युनायटेडमध्ये तो आणि नॉर्मन व्हाइटसाइड जोडीनं प्यायचे. फर्ग्युसन मॅनेजर म्हणून आला, त्यानं दोन-अडीच वर्षं बघितलं आणि १९८९ मध्ये दोघांनाही बाहेर काढलं. मॅग्राला तर पैसे देऊन निवृत्तच करायची तयारी होती, कारण गुडघ्यांत काही राहिलं नव्हतं. तो ॲस्टन व्हिलाला गेला. तिथं त्याला सरावच करू देत नसत. आठवडाभर गुडघे जपायचे आणि शनिवारी थेट मैदान. असल्या गुडघ्यांवर १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या सगळ्या खेळाडूंनी मतं देऊन त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. पुढच्या वर्षी वर्ल्ड कपमध्ये न्यू यॉर्कजवळच्या मैदानात आयर्लंडनं इटलीला १-० हरवलं. समोर रोबेर्तो बाज्जो. त्या सामन्यातला मॅग्रा एकदा तरी बघा. पळत नाही, धडपडत नाही, चेंडू जिथं येणार तिथं आधीच उभा असतो. आणि एकदा दुसरं काही आडवं घालायला नव्हतं, तर चक्क तोंड घातलं. याच माणसानं पुढं कबूल केलं की काही सामने आपण नशेत खेळलो. ही दोन्ही वाक्यं मला एका माणसात बसवता येत नाहीत. कदाचित त्या खटपटीतच मी त्याच्याबद्दल इतका बोलत असेन.

१९९६ च्या उन्हाळ्यातल्या इंग्लंडच्या संघाबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. युरो स्पर्धेआधी संघ हाँगकाँगला गेला होता. तिथल्या एका बारमध्ये खेळाडू डेंटिस्टच्या खुर्चीत आडवे झाले आणि त्यांच्या घशात वरून दारू ओतली गेली. फोटो छापून आले, देशभर बोंब झाली. मग १५ जूनला वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध पॉल गॅस्कॉइनचा तो गोल. डाव्या पायानं चेंडू कॉलिन हेंड्रीच्या डोक्यावरून उचलला, पलीकडे जाऊन खाली पडायच्या आत उजव्या पायानं मारला. हेंड्री जमिनीवर. आणि गॅस्कॉइन गोलजवळ उताणा पडून तोंड उघडतो, सोबती धावत येतात आणि बाटल्यांमधून त्याच्या तोंडात फवारे उडवतात. डेंटिस्टची खुर्ची! बाटल्यांत पाणी होतं. जगभरानं ती गंमत डोक्यावर घेतली, मीही घेतली. १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये रात्री दीडच्या सुमारास दूरदर्शनवर या पोराचा थरथरणारा ओठ बघून मी त्याच्यावर जीव लावून बसलो होतो. आज तो गोल शंभरदा बघतो, पण फवारे सुरू झाले की बंद करतो.

त्याच संघाचा कॅप्टन टोनी ॲडम्स. दारू पिऊन गाडी भिंतीवर घातली म्हणून १९९०-९१ मध्ये तुरुंगात जाऊन आलेला. ती स्पर्धा संपल्यावर त्यानं शेवटचं काय प्यायचं ते पिऊन घेतलं आणि ऑगस्टमध्ये थांबला. सप्टेंबरमध्ये आर्सेनलच्या सोबत्यांसमोर उभा राहून म्हणाला, मी दारुड्या आहे. नवा मॅनेजर आर्सेन वेंगर तेव्हा यायचा होता. नंतर त्यानं उकडलेलं चिकन आणि भाज्या आणून सगळं बदललं, त्याचं श्रेय त्याला मिळालं आणि मिळावंच. पण पहिलं वाक्य ॲडम्सचं होतं. पुढं त्यानं व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी केंद्र काढलं. जिमी ग्रीव्ह्जही असाच सुटलेला. इंग्लंडसाठी ५७ सामन्यांत ४४ गोल, १९६६ ची फायनल मात्र बाकावरून बघावी लागली, नंतर दारू, १९७८ मध्ये बंद, मग टीव्हीवर हसवण्यात आयुष्य आणि २०२१ मध्ये एक्याऐंशीव्या वर्षी मरण. पुतणी म्हणाली, "मग यांचा फोटो का नाही भिंतीवर?" बरोबर बोलली ती. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एवढं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "हे सगळं ठीक आहे काका, पण तुमचं काय?"

माझं असं. मी तेरा-चौदा वर्षांचा असेन. पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचा राईट आऊट, म्हणजे उजव्या कडेनं चाल करणारा, एक खेळाडू होता, नाव नको, तालमीचंही नको. उद्यमनगरात लेथवर काम करायचा. शाहू स्टेडियमवर त्यानं लाईनीला धरून डॉज मारायला सुरुवात केली की समोरच्या पेठेची माणसंसुद्धा उभी राहायची, आणि आमच्याकडची ईर्षा ज्यांना माहितीय त्यांनाच याचा अर्थ कळेल. मैदानाबाहेर मान वर करून बोलायचा नाही. जिंकलं की तालमीच्या माडीवर मटण आणि बाटल्या, आणि प्रत्येकाला त्याच्याच शेजारी बसायचं असायचं. नको म्हणायला त्याला तोंडच नव्हतं.

एकदा एका ईर्षेच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला त्यानं गोल केला. शिट्टी झाली, गुलाल उडाला, त्याला खांद्यावरून उतरवेपर्यंत एका थोरल्यानं माझ्या हातात नोट कोंबली. "पळ रं, चपटी घिऊन ये. म्हणावं, त्याच्यासाठी हाय." दुकानदारानं एका शब्दानं विचारलं नाही, उलट दोन रुपये सोडले. मी चपटी शर्टाच्या आत धरून असा पळत आलो की जणू गोल मीच केला होता. स्टेडियमच्या मागं नळाजवळ तो एकटा उभा होता, गुलालानं डोळे चुरचुरत होते. मी बाटली पुढं केली. त्यानं घेतली, माझ्याकडे बघून कसनुसं हसला आणि म्हणाला, "पाणी न्हाई आणलंस व्हय रं कुणी?"

मग बाटली बगलेत धरून तो नळाखाली वाकला, ओंजळ केली आणि पाणी प्यायला लागला. बराच वेळ पीत होता.