नागपूर विद्यापीठाचे फाटक कुठे आहे?

कोल्हापुरात विद्यापीठाचा रस्ता विचारणाऱ्याला एका वाक्यात उत्तर देता येते. महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसला की समजा, पोचलात. पुण्यात गणेशखिंड म्हटले की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. छत्रपती संभाजीनगरात तर विद्यापीठाचे प्रवेशद्वार हेच एक ठिकाण आहे, लोक तिथे नुसते उभे राहायलाही येतात. नागपूर स्टेशनबाहेर मी "विद्यापीठ" म्हटले, तेव्हा ऑटोवाल्या भाऊंनी मीटरवर ठेवलेला हात मागे घेतला आणि विचारले, "कोनतं डिपार्टमेंट, भाऊ?"

भाचीला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करायचे होते. कागदपत्रे, फी, राहायची सोय हे सगळे बघायला मामा म्हणून मी सोबत गेलो. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापुरातून दुपारी सुटते आणि मिरज, सातारा, पुणे, मनमाड, जळगाव, अकोला, बडनेरा, वर्धा करत दुसऱ्या दिवशी नागपूरला पोचते. राज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी ही गाडी. तिच्या रस्त्याला किती विद्यापीठे लागतात पाहा. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, पुण्याचे सावित्रीबाई फुले, जळगावचे बहिणाबाई चौधरी, बडनेऱ्याला उतरले तर अमरावतीचे संत गाडगेबाबा, आणि मग नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. डब्यात बसलेली मुले कुठे चढतात आणि कुठे उतरतात यावरून अर्धा महाराष्ट्र कळतो.

मी शिवाजी विद्यापीठात शिकलो. १९६२ साली स्थापन झालेले आणि साडेआठशे एकरांवर पसरलेले ते विद्यापीठ हेच माझे माप आहे. तिथे सगळे एका आवारात मिळते : विभाग, वसतिगृहे, खर्डेकर ग्रंथालय, तळी, झाडी. साताऱ्या-सांगलीकडची, राधानगरी-चंदगडकडची पोरे सकाळी एसटीने येतात, डबा उघडतात आणि दुपारपर्यंत इतिहासवाला रसायनवाल्याच्या ओळखीचा होतो. नोकरीमुळे पुण्यात राहिलो तेव्हा गणेशखिंडीतले आवार पायाखाली घातले. पूर्वी गव्हर्नरसाहेबांचा पावसाळी मुक्काम ज्या वास्तूत असे, तिथे १९४९ पासून विद्यापीठ आहे. जुने वड, मोठाली हिरवळ आणि त्याच आवारात आयुकासारखी खगोलविज्ञानाची संस्था. अनिकेत कँटीनमध्ये चहा पिताना शेजारचा मुलगा ईशान्येचा असू शकतो, इराणचाही असू शकतो. पुण्याचे आवार देशाकडे तोंड करून आहे, कोल्हापूरचे तालुक्यांकडे. दोन्ही मला प्रिय आहेत. म्हणूनच नागपुरात पहिल्या दिवशी मी जरा बावरलो. विद्यापीठ संपले कुठे आणि शहर सुरू झाले कुठे, हेच कळेना.

भूगर्भशास्त्र विभाग लॉ कॉलेज चौकात. तिथून अमरावती रोडने पुढे गेले की महात्मा जोतिबा फुले परिसर, तिथे भौतिक, रसायन आणि बाकीचे बरेच विभाग. ग्रंथालय रामदासपेठेत. जुनी प्रशासकीय इमारत सिव्हिल लाइन्सला, महाराजबागेच्या बाजूला. मधून शहराची बस धावते, संत्र्याच्या रसाच्या गाड्या उभ्या असतात, धरमपेठेतल्या आज्या भाजी घेतात, कोचिंग क्लासची पाटी आणि विभागाची पाटी एकाच रांगेत दिसते. एक दाखला इथे, त्यावरचा शिक्का तिथे, असे करत आम्ही एका दिवसात निम्मे पश्चिम नागपूर पाहिले. जूनचा शेवट होता, पाऊस लांबला होता. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी राज्यापेक्षा उशिरा का उघडतात, ते त्या दुपारी पुरते समजले. खिडक्या-खिडक्यांत कूलर घरघरत होते आणि खसच्या ताट्यांचा ओला वास रस्त्यापर्यंत येत होता.

हे विद्यापीठ असे पसरलेले का, याचे उत्तर त्याच्या जन्मात आहे. १९२३ साली ते स्थापन झाले, तेव्हा नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होती. हिस्लॉप कॉलेज १८८३ चे, मॉरिस कॉलेज १८८५ चे. ती आधीपासून होती, आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली. म्हणजे शहरात कॉलेजे रुजली आणि नंतर त्यांच्यावर विद्यापीठाचे छत्र आले. कोल्हापुरात माळरान आधी निवडले आणि त्यावर विद्यापीठ उभे राहिले. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस, बंगाली वकील. त्या काळी जबलपूर, रायपूर, अमरावती इथली कॉलेजे नागपूरच्याच परीक्षा देत. सागरचे हरिसिंह गौर नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते, त्यांनी १९४६ मध्ये स्वतःच्या कमाईतून सागर विद्यापीठ काढले. पुढे १९८३ मध्ये अमरावती वेगळे झाले, २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ झाले. आज नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया एवढे चार जिल्हे उरले आहेत. पण मोठ्या प्रांताची राजधानी असल्याची सवय कानाला अजून जाणवते. खिडकीमागच्या बाई भंडाऱ्याच्या मुलाशी मराठीत, छिंदवाड्याच्या मुलीशी हिंदीत आणि फोनवर कुणाशी तरी दोन्ही मिसळून बोलत होत्या. कुणालाच त्यात काही विशेष वाटत नव्हते. पुण्यात हिंदी बोलणाऱ्याला अजून कपाळाला आठ्या पाडून बघणारे भेटतात. इथे मला तसा कुणी भेटला नाही.

लॉ कॉलेज चौकातल्या त्याच आवाराला रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांचे नाव आहे. कामठीचे हे खाणमालक. त्यांनी मृत्युपत्रातून आपली संपत्ती उपयोजित विज्ञान शिकवण्यासाठी विद्यापीठाला दिली आणि त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. नागपूरकरांची एलआयटी ती हीच, २०२३ मध्ये तिचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. मुंबई विद्यापीठाला प्रेमचंद रायचंदांनी दिलेल्या पैशातून राजाबाई टॉवर उभा राहिला आणि तो सगळ्या देशाला ठाऊक आहे. कामठीच्या या माणसाचे नाव विदर्भाबाहेर किती जणांना माहीत असेल? मलाही पाटी वाचेपर्यंत माहीत नव्हते, आणि त्याचे वाईट वाटले. जमिनीतून काढलेली दौलत शिक्षणात घालणारा माणूस शाळेच्या पुस्तकात असायला हवा.

भाचीला नागपूरच का, हे तिने मला चौकातल्या टपरीवर तर्री पोहे खाता खाता सांगितले. (पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री ओततात. कटाच्या मिसळीवर वाढलेल्या कोल्हापूरकरालाही घाम फुटला.) "मामा, आपल्याकडे कुठंही खणा, काळा फत्तरच. इथं तो संपतो." खरेच आहे. दख्खनचा लाव्हा नागपुरात येऊन थांबतो. शहराची पश्चिम बाजू त्या काळ्या दगडावर, सीताबर्डीची टेकडीही त्याचीच. पूर्वेकडे गेले की त्याहून कितीतरी जुना, नाइस नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा खडक लागतो. रामटेकच्या अलीकडे मनसरला मँगनीजची खाण, उमरेडला कोळसा. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात, मँगनीज काढणाऱ्या मॉइलचे आणि कोळसा काढणाऱ्या वेकोलिचेही (वेस्टर्न कोलफील्ड्स) इथेच. या विषयाच्या मुलीला आणखी काय हवे?

आणि ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉपही दगड वाचणारे होते. स्कॉटिश मिशनरी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी नागपूरच्या आसपास, टाकळीच्या आणि सीताबर्डीच्या थरांत जीवाश्म शोधले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते गेले. भाचीने हे सांगितले तेव्हा टपरीवाले काका पातेले ढवळायचे थांबून ऐकत होते. म्हणाले, "पोट्टी हुशार आहे न तुमची. पन उन्हात फिरायची सवय करावी लागन तिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दीक्षाभूमीला गेलो. १९६४ पासून त्याच परिसरात डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे. स्तूपाला वंदन करून बाहेर येणारी माणसे आणि वह्या छातीशी धरून वर्गाकडे जाणारी मुले यांची वाट एकच आहे. मराठवाडा विद्यापीठाचे ते प्रवेशद्वार मला इथे फार आठवले. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि नाव प्रत्यक्ष लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या वर्षांत माणसे मेली, घरे जळली. त्या लढ्यातला लाँग मार्च १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली निघाला तो याच दीक्षाभूमीवरून. विदर्भातली माणसे मराठवाड्यातल्या विद्यापीठाच्या नावासाठी पायी निघाली. दर वर्षी नामविस्तार दिनी त्या प्रवेशद्वारासमोर लोटणारी गर्दी मी पाहिली आहे. लेकराला कडेवर घेऊन आलेली आई त्याचे डोके दगडी कमानीला टेकवते, तेव्हा विद्यापीठ म्हणजे काय याची माझी कोल्हापुरी आणि पुणेरी व्याख्या तोकडी पडते.

उलट बाजूने माणसे नागपूरकडेही आली आहेत. १९३८ साली निजामाच्या राज्यात वसतिगृहांमध्ये वंदे मातरम् म्हणण्यावर बंदी आली. औरंगाबादेत ठिणगी पडली, हैदराबादपर्यंत पोचली आणि उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले. ऐन शिक्षणात रस्त्यावर आलेल्या त्या मुलांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. कुलगुरू होते टी. जे. केदार. त्या मुलांमध्ये एक पी. व्ही. नरसिंह राव होते. पुढे ते पंतप्रधान झाले म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, पण माझे मन बाकीच्या मुलांपाशी रेंगाळते, ज्यांची नावे कुणी घेत नाही. ब्रिटिशांचा अंमल, शेजारी निजाम, आणि एक विद्यापीठ म्हणते, या, इथे बसा, परीक्षा द्या. शंभर वर्षांत या विद्यापीठाने एवढे एकच काम केले असते, तरी मी भाचीला इथे आनंदाने सोडले असते.

तरी एक गोष्ट मनाला लागून राहिली. संध्याकाळी फुले परिसरात भाषांच्या विभागातली काही मुले भेटली, गोंदियाकडची. "हो जी, सांगतो न" असे म्हणत आम्हाला खोल्यांचे पत्ते देत होती. त्यातल्या एकाला विचारले, भूगर्भशास्त्रात कुणी ओळखीचे आहे का? तो म्हणाला, "तिकडे आम्ही जातच नाही जी. काम काय पडते?" कोल्हापुरात हे होत नाही. कवितेच्या वेडापायी मराठी विभागात जाऊन बसणारा माझा वर्गमित्र वनस्पतिशास्त्राचा होता. विभागांमध्ये अंतर पडले की अशा भेटी होत नाहीत, आणि वयाच्या बाविशीत वर्गात मिळते त्याच्या बरोबरीचे या भेटींतून मिळते. शहर मोकळे आहे, फुटाळ्याच्या काठावर आणि अंबाझरीला मुलांचे घोळके बसतात, पण ते आपापल्या विभागाचे घोळके. सगळ्या विभागांच्या मुलांना रात्री उशिरापर्यंत बसता येईल अशी एक मध्यवर्ती जागा, चहा आणि पुस्तकांसह, या मोठ्या विद्यापीठाने करायला हवी. मेट्रोची अॅक्वा लाइन सीताबर्डीहून शंकरनगर, एलएडी चौक, सुभाषनगर करत जाते. तिच्या जवळपास अशी जागा झाली तर भंडाऱ्याहून रोज ये-जा करणाऱ्या मुलालाही परतीच्या गाडीपर्यंत तिथे थांबता येईल.

खोलीवरून भाचीचे आणि माझे एकमत होईना. मला लॉ कॉलेज चौकाजवळची खोली पसंत होती, विभाग पाच मिनिटांवर. तिला अमरावती रोडवर, भरतनगरकडे राहायचे होते, त्या गोंदियाच्या मुलांच्या ओळखीच्या मुलींसोबत. "मामा, विभागातली पोरं विभागात भेटणारच आहेत. बाकीच्यांकडं मी राहायला जाते." यावर मला काही बोलता आले नाही. घरमालकीण काकूंनी भाडे सांगितले, कूलरचे वीजबिल वेगळे, आणि मग तिलाच विचारले, "एवढ्या दुरून आली, गोटे पाहाले?" भाची हो म्हणाली. काकू म्हणाल्या, त्यांचे सासरे मनसरच्या खाणीत होते, घरात अजून मँगनीजचे दोन मोठे तुकडे दाराला लावायला ठेवले आहेत, आणि त्यांनी ते आणून तिच्या हातात दिले. भाची तिथेच ओट्यावर बसून ते भिंगाखाली पाहू लागली. मी आगाऊ रक्कम मोजून दिली आणि पावती घेतली.