दहा हजारांतला आवाज

नाशकात कॉलेज रोडला क्लासच्या बाहेर लेकीची वाट बघत गाडीत बसलो होतो. चारचं ऊन, काचा वर, गाणं सुरू व्हायच्या आधीचा तानपुरा चाललेला. षड्जाची तार वाजली की डावीकडच्या दारातून बारीक ‘झर्र’ यायचं. दारावर हात ठेवला की बंद, उचलला की सुरू. तानपुऱ्याच्या तारेला झणकार यावा म्हणून घोडी घासून जवारी काढतात, तशी कुणीतरी माझ्या दाराची काढून ठेवावी तसं. तानपुऱ्याच्या जवारीला पैसे पडतात, ही फुकट मिळालेली होती, आणि भलत्याच पट्टीत.

एकदा ते ऐकू यायला लागलं की संपलंच. मग गाणं ऐकू येत नाही, दारच ऐकू येतं.

आमची गाडी सगळ्यात खालच्या मॉडेलच्या एक पायरी वरची. म्हणजे कंपनीनं स्पीकर दिलेत. दारात जाळी आहे आणि जाळीमागे काहीतरी आहे, एवढं त्या ‘दिलेत’चं मोल. इतकी वर्षं चाललं, कारण गाडी म्हणजे कामाला जायचं साधन होतं. आता सिंहस्थ २०२७ मध्ये आलाय, त्याच्या कामांसाठी शहर जागोजागी खणलंय, आणि द्वारका चौकापासून मुंबई नाक्यापर्यंत जायला लागतो तेवढ्या वेळात आख्खा विलंबित ख्याल होतो. घरात मोठ्यानं गाणं लावायची सोय नाही. एकाची परीक्षा, दुसऱ्याची मालिका, तिसऱ्याचं डोकं. गाडी हीच काय ती माझी बैठकीची खोली.

बायकोशी वाटाघाटी झाल्या. “दहा,” ती म्हणाली. “त्याच्या वर गेलास तर आधी स्वयंपाकघरातली चिमणी.” ही चिमणी आमच्या घरात बसलेली नसली तरी प्रत्येक खर्चावर घिरट्या घालत असते.

त्र्यंबक रोडला, सातपूरच्या अलीकडे एक दुकान आहे. तिथल्या पोरानं गाडीला प्रदक्षिणा घातली, बोटाच्या पेरानं दारावर टकटक केलं आणि निदान सांगितलं, “डबा आहे काका.” मग यादी सुरू. अँड्रॉइडची मोठी स्क्रीन घ्या, सीटखाली बसणारा सब, म्हणजे घुमता बास वाजवणारा सबवूफर घ्या, छोटा अँप, म्हणजे अँप्लिफायर टाका, लाईट पण मारून देतो. मी म्हटलं, सब नको. त्याला ते समजेना. बास नको म्हणणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे आलं नसावं.

पण नाशिककराला बास विकायला येऊच नये. विसर्जनाच्या मिरवणुकीत रविवार कारंजाला उभं राहावं. ढोलावर टिपरू पडलं की ते कानाला नंतर कळतं, फासळ्यांना आधी. वायर नाही, फ्यूज नाही, ईएमआय नाही. वर्षातून एकदा असा पोटभर बास फुकट मिळत असताना उरलेले दिवस डिकीत खोकं कशाला वागवायचं? सिग्नलला शेजारी येऊन थांबणाऱ्या आणि आपली नंबरप्लेट थरथरवणाऱ्या गाड्यांबद्दल माझं मत फार वाईट आहे. ते इथे लिहीत नाही.

वॅटचंही तसंच. गाडीच्या म्युझिक डेकच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असं ठळक छापलेलं असतं. बाहेरून अँप नसेल तर बारा व्होल्टच्या बॅटरीवर, चार ओमच्या स्पीकरला, डेकमधून सलग आणि स्वच्छ असे पंधरा ते वीस वॅटच मिळतात. पन्नास म्हणजे एका क्षणाची उडी, तीही फाटक्या आवाजात. म्हणून कमी पैशात काम करायचं तर वॅट बघायचे नाहीत, सेन्सिटिव्हिटी बघायची, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठ्यानं वाजतो ते. ती तीन डेसिबलनी जास्त असलेला स्पीकर निम्म्या ताकदीत तेवढाच वाजतो. हे मी पोराला ऐकवलं तर तो म्हणाला, “काका, तुम्ही एमआयडीसीत आहात का?”

आहे.

प्लॅस्टिकच्या पट्टीनं त्यानं दाराचं पॅड उचकटलं. टक, टक, टक करत क्लिपा सुटल्या आणि आतलं दार पहिल्यांदाच बघितलं. पातळ पत्रा, त्यात हात कोपरापर्यंत जाईल एवढी भोकं, त्यांवर एक दुधी प्लॅस्टिक चिकटवलेलं, तेही एका कोपऱ्यात सुटलेलं. झर्र तिथूनच येत होतं. आणि स्पीकर? काळ्या कागदाचा कोन, मागे चिमुकलं लोहचुंबक. उचलला तर हाताला वजनच लागेना. “आधी ही भोकं बुजवू,” पोरगा म्हणाला. “स्पीकर काय, कुठलाही वाजतो. दार वाजलं पाहिजे. म्हणजे, वाजलं नाही पाहिजे.”

आणि मला एकदम निफाडचा मामा दिसला.

मामाची द्राक्षबाग. ट्रॅक्टरवर त्यानं कुठल्याशा भंगारातल्या मोटारीचा टेप बसवलेला, ट्रॅक्टरच्याच बॅटरीवर. स्पीकर एकच, गोल, उघडा. नुसता धरला तर डबड्यासारखा चिरका वाजायचा. मामानं एक दिवस आजीचा पाण्याचा माठ उचलला. माठाच्या तोंडाला सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल पट्टी बसवली, त्यावर स्पीकर पालथा ठेवला, सुतळीनं आवळला आणि माठ पेंढ्याच्या पाटीत बसवला. टेप लावला, आणि ढोलकी आली! तोवर त्या कॅसेटमध्ये ढोलकी आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. बागेतल्या बायका हातातली कात्री थांबवून बघायला लागल्या. आजी तेवढी कमरेवर हात देऊन उभी. “उन्हाळा तोंडावर आलाय. पाणी काय आता तुझ्या टेपात भरू?”

मामानं कारण सांगितलं नव्हतं, त्याला बहुतेक ठाऊकही नसावं. स्पीकरचा कोन पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची ओढतो. दोन्ही बाजूंच्या हवेची गाठ पडली की खालचे सूर जागच्या जागी मिटतात. मधे माठ आणा, पेटी आणा, नाहीतर नीट बंद केलेलं दार आणा. गाठ पडू द्यायची नाही, एवढाच सगळा धंदा. माठाचा दोष एकच होता. तो स्वतःच्याच एका सुरात घुमायचा. भजन असो, लावणी असो, सगळ्याला तोच ‘घुम्म’. घुमणाऱ्या बासशी माझं वैर तिथलंच असावं.

पोरानं काळे शीट काढले. खाली चिकट ब्यूटाइल रबर, वर चांदीसारखी फॉइल. हीट गननं गरम करून, रोलर फिरवून, बाहेरच्या पत्र्याला आणि आतल्या भोकांवर ते दाबून बसवले. दाराच्या तळाची बारीक भोकं तेवढी सोडली. काचेवरून उतरलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं, आणि घोटी-इगतपुरीच्या पावसात ते किती उतरतं हे त्याला सांगावं लागलं नाही. आमच्या दहामधले तीनेक हजार या न दिसणाऱ्या कामावरच गेले. लोक इथेच हात आखडतात. शीट कुणाला दाखवता येत नाही ना!

पुढच्या दारांना साडेसहा इंची कंपोनंट घेतले, वरचे बारीक सूर वाजवणारे छोटे ट्विटर वेगळे, आरशाजवळच्या कोपऱ्यात. मागच्यांना हातच लावला नाही. मागे बसणारे बहुतेक झोपतात. वायर कापायची नाही, कपलरला कपलर. जोडण्याआधी पोरानं खिशातून पेन्सिल सेल काढला आणि दोन तारा स्पीकरला टेकवल्या. कोन ‘टप्’ करून बाहेर आला. “हा प्लस.” एका बाजूचा उलटा जोडला गेला तर दोन्ही कोन एकमेकांविरुद्ध हलतात आणि खालचा आवाज गायब होतो. मामाही हेच करायचा, विजेरीच्या जाडजूड सेलनं. एकाच स्पीकरला प्लस-मायनसचा काय फरक पडत होता देव जाणे. पण ‘टप्’ झाल्यावर तो मान डोलवायचा, तशीच या पोरानंही डोलवली.

मग टेस्टिंग. त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये काय होतं ते सोडा. मी गायक दत्तात्रेय विष्णू पलुस्करांचं, म्हणजे बापूरावांचं भजन लावलं. बापूराव १९२१ मध्ये नाशकातच जन्मले. वडील विष्णु दिगंबर पंचवटीत आश्रम करून राहिलेले. १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी बापूराव गेले. मागे राहिल्या त्या बऱ्याचशा ७८च्या तबकड्या, साडेतीन मिनिटांच्या आत-बाहेर. पोरानं दोन्ही बाजूंना कान लावून बघितलं आणि काळजीत पडला. “काका, यात लेफ्ट-राइट सेपरेशनच नाही.” नसणारच. सगळं मोनो, दोन्हीकडे एकच आवाज.

मोनोची गंमत अशी की आवाज बरोबर मधून यायला हवा. पण मी उजवीकडे बसतो, उजवा स्पीकर माझ्या पायापाशी, डावा दोन-तीन फूट लांब. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, म्हणजे डावीकडचा दोन-तीन मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढ्यानं कान फसतो आणि बापूराव माझ्या गुडघ्यापाशी बसून गायला लागतात. महागड्या डेकमध्ये उजव्याला तेवढंच थांबवून ठेवायची सोय असते. माझ्याकडे बॅलन्सचं बटण आहे. दोन घरं डावीकडे सरकवलं. बापूराव उठून डॅशबोर्डच्या मध्याकडे निघाले, गिअरपाशी थांबले. तिथे ठीक आहेत.

खरा फरक पडला तो शब्दांत. आधी सूर यायचा, अक्षर यायचं नाही. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, पण स, श, त, ट, फ ही मंडळी वरच्या पट्टीत राहतात. ट्विटर नसेल तर त्यांचा नुसता धूर ऐकू येतो. आता ‘त’ आणि ‘थ’ वेगळे ऐकू येतात.

रविवारी आईला घेऊन सोमेश्वरला निघालो. मुद्दाम पुढे बसवलं. मामाची ती थोरली बहीण, माठ तिनंही बघितलेला. तेच भजन लावलं, आवाज चांगला वाढवला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. गंगापूर रोडला दोन सिग्नल गेले. मग ती म्हणाली, “कुणीतरी गातंय होय रे? काय म्हणतोय तो?”

घरीसुद्धा हल्ली ती असंच म्हणते. बोलल्याचं कळतं, काय बोललात ते कळत नाही. आम्ही हसतो आणि मोठ्यानं सांगतो. वयाबरोबर कान जातात ते वरच्या पट्टीतूनच. आधी स आणि श, मग त आणि ट.

चांगलं श्रवणयंत्र दहा हजारांत बसत नाही, विचारून आलो. गुरुवारी कानाच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय, कॅनडा कॉर्नरला. तिथे गाडी लावायला जागा नसते, रिक्षानंच जाऊ. चिमणीचं नंतर बघू.