शून्य वापर

महिनाअखेरीला आमच्या महाप्याच्या ऑफिसात एक काम ठरलेलं असतं. ज्या सिमचा वापर शून्य, ती शोधून सस्पेंड करायची. तेवढंच भाडं वाचतं. गाड्यांचे ट्रॅकर, मीटर, कार्ड मशीन, सगळ्यांची १३ आकडी नंबरांची सिम एकाच पोर्टलवर. ९० दिवस डेटा नाही, की सिम यादीत. मार्चची यादी तपासून मीच पुढे पाठवली.

त्यात लिफ्टमधल्या इमर्जन्सी फोनची ४२ सिम होती. डिसेंबरात बसवलेली, म्हणून पहिल्यांदाच यादीत आलेली. हा डबा डेटा वापरतच नाही. बटण दाबलं की ठरवून दिलेल्या नंबरांवर कॉल लावतो, एवढंच. कोणी अडकलं नाही तर वर्षभर गप्प. पोर्टलवर कॉलचा रकाना आहे, पण तो शेवटच्या टॅबमध्ये. ज्याने तो तिथे ठेवला त्याने लिफ्टचा विचार केलेला नाही, आणि त्या दिवशी मीही केला नाही.

शनिवारी घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत वीज गेली आणि एक आजी २५ मिनिटं लिफ्टमध्ये अडकल्या. बटण दाबत राहिल्या. शेवटी वॉचमनला दार वाजवल्याचं ऐकू आलं.

फोन आल्यावर मी लगेच सिम ॲक्टिव्ह केलं. पोर्टलवर हिरवं झालं. साहेब म्हणाले, "झालं ना चालू? तक्रारीचं तिकीट क्लोज कर." पण लिफ्टवाला केबिनच्या टपावरून सांगत होता, "मॅडम, दिवा अजून भराभर लुकलुकतोय." म्हणजे डब्यातला मॉडेम, सिमवरून नेटवर्कशी जोडणारा भाग, अजून नेटवर्कवर नाहीच. आमच्याकडे सस्पेंड सिमची नोंदणी नेटवर्क साफ नाकारतं. असा नकार मिळाला की मॉडेम ते सिम बाद धरतो आणि पॉवर तोडेपर्यंत पुन्हा प्रयत्नच करत नाही. पोर्टलवरचं 'ॲक्टिव्ह' म्हणजे फक्त परवानगी. डबा जोडला गेलाय की नाही, ते त्यात कळत नाही. हे मी साहेबांना कितीदा सांगितलंय.

मेन स्विच बंद करूनही उपयोग नव्हता, कारण वीज गेल्यावरच लागणारा फोन, आत बॅटरी असतेच. "दादा, झाकण उघडा, बॅटरीचा पांढरा कनेक्टर ओढा, दहा आकडे मोजा, मग लावा." मी फोन कानाला धरून बसले होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता सावकाश. तीन सेकंदांनी एकदा." मग त्यांनी बटण दाबलं आणि आमच्या कंट्रोल डेस्कचा फोन वाजला. त्यांच्या मागून आजींचा आवाज आला, "लागला का हो?"

बाकीची ४१ सिमही मी त्याच संध्याकाळी ॲक्टिव्ह केली, पण प्रत्येक डब्यापाशी माणूस जाऊन बॅटरी काढल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ३५ झाल्या. सहा सोसायट्यांमध्ये लिफ्टवाल्याची वेळ अजून मिळालेली नाही. तिथल्या सेक्रेटरींना मी रोज सकाळी फोन करते.