विकायचा की ठेवायचा? तुम्ही विचारलंत म्हणून

एप्रिलमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा (एनएफएलचा) ड्राफ्ट असतो, त्यात संघ पाळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडतात. आमच्या शिकागो बेअर्सनी आपली पाळी, म्हणजे 'पिक', दुसऱ्या संघाला विकावी की ठेवावी? मार्च संपत आला की हा प्रश्न येतोच, फक्त चाल बदलते. कधी साळसूदपणे: "एवढ्या वरचा पिक आहे, विकून टाकायला काय होतं तुमच्या बेअर्सना?" कधी थेट अंगावर: "२०१७ ला म्हणालीस वर चढा, २०२३ ला म्हणालीस विका, २०२४ ला म्हणालीस हात लावू नका. एकदा ठरव काय ते." शिकागोच्या उपनगरांत चार मराठी डोकी जमली की श्रीखंडाच्या वाटीबरोबर हेही वाढलं जातं. म्हणून एकदाच लिहून ठेवते. पुढच्या वर्षी विचारलंत तर हेच हातात ठेवीन.

आधी एक विनंती. आयपीएलच्या लिलावाची उपमा देऊ नका. तिथे पाकिटात पैसे असतात आणि हात वर करत राहिलं की खेळाडू मिळतो. इथे रांग आहे. सगळ्यात जास्त हरलेला सगळ्यात पुढे, आणि जागा बदलायची तर पुढच्याला आपल्या मागच्या जागा द्यायच्या. पैशाचा प्रश्न लीग आणि खेळाडूंच्या २०११ च्या करारानंतर जवळपास मिटलाच. २०१० साली पहिल्या नंबरवर घेतलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले, त्यातले ५ कोटी खात्रीचे. पुढच्याच वर्षी त्याच नंबरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाख. तेव्हा "वरचा पिक महाग पडतो म्हणून विका" हे म्हणणं तेव्हाच संपलं. अजूनही कुणी म्हणालं की मी पानातलं संपवून उठते.

आता २०१७. माझं तोंड बंद करायला तुम्ही हेच काढता, तर पूर्ण काढू.

२७ एप्रिल, फिलाडेल्फिया. ब्राउन्सनी पहिल्या नंबरवर माइल्स गॅरेट घेतला. दुसरा नंबर फोर्टीनाइनर्सचा, तिसरा बेअर्सचा. आणि बेअर्सनी एक पायरी, फक्त एक, चढायला आपला तिसरा, ६७ वा, १११ वा आणि पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीचा पिक दिला. घेतलं कुणाला? मिच ट्रुबिस्की, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून डाव चालवणारा), कॉलेजात एकूण १३ सामने सुरुवातीपासून खेळलेला. दीड महिन्यापूर्वीच त्याच जागेसाठी माइक ग्लेननला तीन वर्षांच्या ४ कोटी ५० लाखांच्या करारावर आणलं होतं. तो चार सामने खेळला आणि बाकावर बसला.

तेव्हा मी हा सौदा चार्टवर मांडून दाखवत होते. प्रत्येक पिकाला गुण देणारा हा चार्ट १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजच्या माइक मॅकॉयनं प्रशिक्षक जिमी जॉन्सनसाठी केला. पहिला पिक ३००० गुण, दुसरा २६००, तिसरा २२००. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर ४००. बेअर्सनी दिलेला ६७ वा २५५ चा, १११ वा ७२ चा. झाले ३२७. पुढच्या वर्षीचा पिक एक फेरी खाली धरायचा हा रिवाज, म्हणजे तिसऱ्या फेरीचा चौथीच्या भावानं, सत्तर-पंचाहत्तर. बेरीज ४०० च्या आसपास. काटा सरळ. "लुटले गेले म्हणणाऱ्यांनी बेरीज करावी," असं मी ऐटीत सांगायचे.

बेरीज आजही बरोबर आहे. काटाच खोटा होता.

तो चार्ट खेळाडू पुढे काय करतात यावरून बनलेला नाही. तेव्हा संघ एकमेकांशी कसे सौदे करत होते, त्याची ती वही आहे. भाव पाहून भाव ठरवायचा, तसं. तो म्हणतो की पहिल्यावरून दुसऱ्यावर उतरलात तर ५० व्या पिकाएवढं (तोही ४०० चाच) गमावलंत. खेळाडूंच्या कामगिरीवरून काढलेला उतार इतका कडेलोटासारखा नाही. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी तो काढला, आणि त्यांचा मुद्दा साधा होता: एकाच पोझिशनचे लागोपाठ निवडलेले दोघे घेतले, तर आधी निवडलेला सरस निघण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त. आपली निवड जितकी अचूक वाटते तितकी ती नसते, आणि वर चढण्याची किंमत त्या वाटण्याची असते. थेलरना अर्थशास्त्राचं नोबेल त्याच २०१७ च्या ऑक्टोबरात मिळालं. ट्रुबिस्कीचा पहिला सामनाही त्याच ऑक्टोबरातला. योगायोग म्हणून सोडून द्या. मला सोडता येत नाही.

आता दिलेल्या पिकांचं पुढे काय झालं ते बघा, कारण रागाच्या भरात तुम्ही निम्मंच सांगता. फोर्टीनाइनर्सनी तिसऱ्या नंबरवर घेतलेला सॉलोमन थॉमस. तो चाललाच नाही. म्हणजे ज्याच्यावरून एवढं रामायण झालं तो वरचा पिक दोन्हीकडे वायाच. पण ६७ वा पिक त्यांनी सेंट्सना विकला आणि सेंट्सनी त्यावर ॲल्व्हिन कमारा घेतला. पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीचा पिक ७० वा ठरला. त्यावर आला फ्रेड वॉर्नर, पुढे लीगमधला सर्वोत्तम मिडल लाइनबॅकर (बचावफळीच्या मधला). "वरची चिल्लर" म्हणून मी ज्यांना बेरजेत ७०-७५ धरलं होतं, त्यातला एक हा.

आणि ज्यांची नावं तुम्ही आधी घेता ते त्याच ड्राफ्टमधले दोघे क्वार्टरबॅक: पॅट्रिक महोम्स दहाव्या नंबरवर, डेशॉन वॉटसन बाराव्यावर. महोम्ससाठी चीफ्सही वर चढले होते, तेही २७ वरून दहावर, ९१ वा आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक देऊन. बेअर्सनी मोजलं त्याहून कितीतरी जास्त. त्यांना कुणी मूर्ख म्हणत नाही. म्हणून "चढू नये" हा २०१७ चा धडा आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. चढलेला एक संघ बुडाला, चढलेला दुसरा तरला.

मग चूक कुठे झाली? मी दोन जागी बोट ठेवते. एक, एका पायरीसाठी पैसे मोजले तेव्हा समोरच्याला तो क्वार्टरबॅक हवा होता का? नव्हता. भीती तिसऱ्या कुणीतरी मध्ये उडी मारण्याची होती, आणि भीतीला भाव लावला की तो नेहमी विकणाऱ्याच्या सोयीचा लागतो. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, खेळाडू कुठे उतरणार ते आधी ठरलेलं नव्हतं. महोम्स पहिल्या वर्षी ॲलेक्स स्मिथच्या मागे बसला, शेवटचा एकच सामना खेळला. ट्रुबिस्की पाचव्या आठवड्यात मैदानात, ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो होता त्या जॉन फॉक्सना हंगाम संपताच निरोप. दुसऱ्या वर्षी नवा प्रशिक्षक, नवी भाषा, नव्यानं सगळं.

तरी २०१८ ला हाच संघ १२-४ झाला (बारा जिंकले, चार हरले), ही गोष्टही तुम्ही गाळता. आणि मी गाळते ती २२ डिसेंबर २०१९ ची रात्र. सोल्जर फील्ड, चीफ्स २६-३. टचडाउननंतर महोम्स बाजूला उभा राहून बोटं मोजतो: एक, दोन, तीन... दहा. शिकागोच्याच मैदानावर. कुणाला सांगायची गरज नव्हती.

मी त्या वेळच्या स्वतःला आजही पूर्ण चूक म्हणणार नाही. क्वार्टरबॅक नसलेल्या संघानं "भाव उतरेपर्यंत थांबू" म्हणणं म्हणजे लग्नसराई संपल्यावर सोनं घेऊ म्हणण्यासारखं. दागिना हवा तेव्हाच घ्यावा लागतो. त्या वेळची मी म्हणायची, न चढता गेलेल्या वर्षांची किंमत चार्टवर कुठे आहे? नाहीच. उत्तर माझ्याकडे आजही नाही.

आता मी मोजते ते असं. संघाच्या बोर्डावर, म्हणजे पसंतीच्या यादीत, नावं एकाखाली एक असली तरी खरं तर ती गठ्ठ्यांत असतात. आपली पाळी आली तेव्हा सारख्याच तोलाची चार नावं उरली असतील तर तीन पायऱ्या उतरायला हरकत नाही, काही झालं तरी त्यातलं एक हाती येतंच. चौथी पायरी उतरलात की दुसऱ्यानं सोडलेलं घ्यायचं. गठ्ठ्यात एकच नाव असेल तर विकायचा विषय काढू नका. आपल्याला क्वार्टरबॅक नको असेल तर दुसरे नेतील तो प्रत्येक क्वार्टरबॅक ही आपल्याला फुकट मिळालेली पायरी. २०२४ ला पहिल्या बारात सहा क्वार्टरबॅक गेले. कर्क कझिन्सला नुकताच मोठा करार देऊनही फॅल्कन्सनी आठव्यावर मायकल पेनिक्स घेतला, आणि बेअर्सना नवव्यावर जागचं न हलता रोम ओडुन्झे हा रिसिव्हर (बॉल झेलणारा) मिळाला. सौद्यात पुढच्या वर्षीचे पिक येत असतील तर समोरचा संघ किती वाईट खेळेल हा अंदाज आपण विकत घेतोय हे ध्यानात ठेवा. आणि मोठी विक्री करायची तर मार्चमध्ये. ड्राफ्टच्या रात्री पहिल्या फेरीत घड्याळ जेमतेम काही मिनिटांचं असतं. एवढ्यात तीन गिऱ्हाइकांत चढाओढ लावता येत नाही.

२०२३ ला बेअर्सनी नेमकं हेच केलं. हंगाम ३-१४, हातात पहिला नंबर, आणि १० मार्चलाच तो कॅरोलायना पँथर्सना दिला: बदल्यात ९ वा, ६१ वा, २०२४ चा पहिल्या फेरीचा, २०२५ चा दुसऱ्या फेरीचा पिक आणि डीजे मूर. चार्टमध्ये चालत्याबोलत्या रिसिव्हरसाठी रकाना नाही. मूरनं त्याच वर्षी ९६ कॅचमध्ये १३६४ यार्ड काढले. पुढे कॅरोलायना २-१५ अशी कोसळली आणि ज्या कागदाला दुसऱ्या फेरीच्या भावानं धरायचं असतं, तो पुढच्या वर्षीचा पहिला नंबर निघाला. त्यावर क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स आला.

हे सांगताना मान ताठ होते, कबूल. पण त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड होता. ह्यूस्टननं घेतला आणि तो वर्षातला सर्वोत्तम आक्रमक नवखा ठरला. पिक विकला नसता तर तोही घेता आला असता. नवव्यावरून बेअर्स आणखी एक पायरी उतरले, ईगल्सकडून चौथ्या फेरीचा पिक घेऊन. दहाव्यावर डार्नेल राइट मिळाला, चांगला टॅकल (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा). पण ईगल्सनी नवव्यावर उचलला जेलन कार्टर, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ते सुपर बोल जिंकले. माझ्या गठ्ठ्यांच्या नियमात ती पायरी बसते का? राइट आणि कार्टर एकाच गठ्ठ्यात होते असं धरलं तर बसते. धरावं का, हा वाद मी अजून स्वतःशीच हरते.

तो ६१ वा पिक आणि सोबत १३६ वा देऊन बेअर्स ५६ वर चढले आणि टायरिक स्टीव्हन्सन हा कॉर्नर (झेल अडवणारा बचावपटू) घेतला. २७ ऑक्टोबर २०२४, वॉशिंग्टनविरुद्धचा शेवटचा डाव, बेअर्स तीन गुणांनी पुढे. बॉल खेळात आला तेव्हा स्टीव्हन्सन प्रेक्षकांकडे तोंड करून हातवारे करत होता. मग धावत आला, गर्दीत उडी मारली, बॉलला त्याचं बोट लागलं आणि तो मागे मोकळा उभ्या नोआ ब्राउनच्या हातात गेला. १८-१५. फेकणारा जेडन डॅनियल्स, त्याच २०२४ च्या ड्राफ्टमधला दुसरा नंबर, केलेबच्या लगेच पाठचा. त्या हंगामात केलेब ६८ वेळा बॉल फेकण्याआधीच आडवा पाडला गेला.

तर तुम्ही म्हणाल, मग पहिला नंबर २०२४ ला तरी विकायला हवा होता ना? ठेवा म्हणणारी मीच होते, आणि आजही ठेवाच म्हणेन. त्या गठ्ठ्यात माझ्या मते एकच नाव होतं. तुमच्या मते किती होती, तेवढं सांगा, मग बोलू.